पावसात केलेली पाहणी

परवा सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक यादी आली. ‘मुंबईच्या उंबरठ्यावरचं बेट : एका दिवसात पाहण्यासारखी सात ठिकाणं.’ खाली अंगठे, टाळ्या, ‘रविवारी जाऊ या का?’, ‘फिश थाळी कुठे चांगली मिळते?’ वगैरे वगैरे. यादी टाकणारे गृहस्थ आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांनीच आदल्या संध्याकाळी त्याच ग्रुपवर, कुणाचं नाव न घेता, लिहिलं होतं की काही घरांतून सुक्या मासळीचा उग्र वास येतो, तरी संबंधितांनी स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. संबंधित म्हणजे आम्ही. मार्गशीर्षातले गुरुवार सोडले तर थंडीचे बाकीचे सगळे दिवस माझी आई तव्यावर सुके बोंबील भाजते. दहिसरच्या चाळीत भाजायची, आता टॉवरच्या नवव्या मजल्यावर भाजते.

आईला मी दोन्ही मेसेज वाचून दाखवले. ती चिमट्याने बोंबील उलटत म्हणाली, “वास येता तर नाक बंद कर म्हणा मेल्याक. खिडकी माझी आसा.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि तो थंय कित्याक जातलो? थंय काय अत्तराचे कारखाने आसत?”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण यादीतलं चौथं ठिकाण होतं संग्रहालय, आणि त्याच्याखालचा मजकूर माझा होता. शब्दन् शब्द माझा. ‘सागरपुत्रांच्या श्रमसंस्कृतीचं जिवंत दर्शन.’ हे मी लिहिलं आहे. ‘प्रांगणात मांडलेले प्राचीन दगड एका विस्मृत बांधकामाची साक्ष देतात.’ हेही मीच. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात, एसीच्या खाली बसून, बिस्किटं खात खात. हे कुणीतरी उचललं, दुसऱ्याने पुढे पाठवलं, आणि फिरत फिरत ते माझ्याच घरात, माझ्याच आईच्या तव्यावरून निघालेल्या वासात येऊन पडलं. मला इतका राग आला की हातातला चहा तसाच गार झाला.

बेट म्हणतात, पण ते आता धड बेटही नाही. भाईंदरकडून रस्ता आहे. मात्र मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीत बसलं की दहा मिनिटांत मनोरी येते, आणि मध्ये खाडीचं पाणी असल्यामुळे माणसाला आपण कुठेतरी लांब आलो असं वाटतं. यादी करणाऱ्यांना तेवढं पुरतं. बोटीत स्कुटर चढवतात, गॅसची सिलिंडरं चढवतात, लग्नाची मंडळी चढतात, आणि रविवारी गॉगल लावलेले लोक चढतात. हे लोक पाण्याचे फोटो काढतात आणि पाण्याला वास येतो म्हणून नाकाला रुमालही लावतात. दोन्ही कामं एकाच वेळी कशी जमतात, ते मला अजून कळलेलं नाही.

माझी नोकरी ऐकायला फार बरी वाटते. जुन्या वास्तू, जुनी गावं यांचा अभ्यास करणाऱ्या एका कंपनीत मी मराठी मजकूर लिहिते. विहीर असली की तिच्यावर चार ओळी, देऊळ असलं की सहा. सगळं गोड लिहायचं. ‘साक्ष देतात’, ‘वारसा जपतात’, ‘आजही उभा आहे’. गेली कित्येक वर्षं मी हे लिहिते आहे आणि आता हे शब्द माझ्या तोंडात आले की थुंकावेसे वाटतात.

त्या बेटाची पाहणी आम्ही काही वर्षांपूर्वीच्या एका आषाढात केली. सरकारी खात्याला अहवाल घाईने हवा होता. का हवा होता, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी समुद्र खवळलेला म्हणून बोट बंद, तेव्हा मी आणि माझा साहेब मंदार भाईंदरच्या बाजूने गाडीने गेलो. चर्च पाहिलं, त्याच्या मागची विहीर पाहिली, तिठ्यावरचा लाकडी क्रूस पाहिला, टेकडीवरचा पडका बुरूज लांबूनच पाहिला. मग चर्चकडून समुद्राकडे जाताना उजव्या हाताला एक मोठं मैदान लागलं. गवत गुडघ्याएवढं. माणूस नाही, जनावर नाही. फक्त गवतात ठरावीक अंतरावर गोल गोल दगड, रांगेत.

मंदार छत्रीखालून म्हणाला, “हे काय असेल गं? फाउंडेशन वाटतंय ना कसलंतरी?”

“असेल,” मी म्हटलं.

“लिहून ठेव. जागा मस्त आहे यार. बस पण वळेल.”

समोर घरं होती. कौलांतून धूर येत होता. एखादं दार वाजवलं असतं तर घरातल्या कुणीही सांगितलं असतं. पण माझी चप्पल चिखलात रुतून तुटली होती आणि मंदारला चार वाजता अंधेरीत मीटिंग होती. मी वहीत लिहिलं : ‘ओसाड, मोकळी जागा. सध्या कोणताही वापर नाही. ठरावीक अंतरावर दगड. बहुधा जुन्या बांधकामाचे अवशेष.’ मंदारने पावसातच फोटो काढले. मी ते वाक्य नंतर टाइप केलं, अहवालाच्या खाली माझं नाव आलं, अहवाल गेला.

त्यानंतरचा हिवाळा मला विसरता येत नाही. हा लेख खरं तर त्या हिवाळ्याचा आहे. मला तो गोड आठवावा असं वाटतं आणि तो मुळीच गोड आठवत नाही, याचाही मला राग येतो.

विहीर, क्रूस, बुरूज यांच्या पाट्यांचा मजकूर लिहायचा होता म्हणून मी दर शनिवारी बोटीने जायला लागले. पहिल्या शनिवारी चर्चच्या कोपऱ्यावरून वळले आणि थांबले. मैदान नव्हतंच. त्या जागी बांबूंचं एक गावच उभं होतं. उंच उंच बांबू रोवलेले, त्यांच्यावर आडवे बांबू, मध्ये दोऱ्या, आणि दोऱ्यांवर बोंबील. हजारो बोंबील. ताजे पांढरे, कालचे पिवळट, चार दिवसांचे तांबूस. खालून चालताना वरून खारट पाणी डोक्यावर ठिबकत होतं. वारा आला की सुकलेले बोंबील एकमेकांवर आपटून बारीक खडखड व्हायची. खाली चटयांवर जवळा, बाजूला मांदेली, आणि मांजरं तर अशी सुस्त पडलेली की त्यांना हाकलायचीही गरज नव्हती. बायका भराभर हात चालवत होत्या. कुणी मोठमोठ्याने भांडत होतं, कुणी गात होतं. ऊन कोवळं होतं आणि वास, तो वास, माझ्या आईच्या चुलीचा, माझ्या लहानपणाचा, बाबांची गिरणी बंद पडल्यावरच्या महिन्यांत आम्हाला तगवलेल्या भाताबरोबरच्या त्या एका तुकड्याचा, तिथे अख्ख्या आभाळाला येत होता. मला रडू आलं. ते मी डोळ्यांत गेलेल्या वाऱ्यावर ढकललं.

“काय बगतंस गो? सरक. पानी गलतंय अंगावर,” एक म्हातारी म्हणाली. ती हिराबाय. सत्तरीची असेल. नऊवारी घट्ट मारलेली, कानात जड सोनं, आणि आवाज असा की खाडीच्या पलीकडे मार्व्यालाही ऐकू जावा.

मी म्हटलं, “हे सगळं... पावसात इथे काहीच नव्हतं.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “पावसान कोन सुकवतंय म्हावरा?” असं म्हणून ती शेजारणीकडे वळली आणि दोघी इतक्या हसल्या की त्यांच्या हातातले बोंबील सुटले.

त्या बांबूंच्या उभारणीला वलांडी म्हणतात, आणि ती जिथे उभी राहते त्या मैदानाला खळं. पाऊस जवळ आला की वलांडी उतरवायची, बांबू घराच्या वळचणीला रचायचे, आणि जमिनीतली बिळं, म्हणजे बांबू रोवायचे खड्डे, दगड ठेवून बंद करायची. नाहीतर माती भरते, खेकडे घर करतात, आणि दसऱ्याला पुन्हा सगळी खणाखणी. प्रत्येक घराची बिळं ठरलेली आणि प्रत्येक घराचे दगडही ठरलेले. कुठे लिहिलेलं नाही, कुंपण नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. हिराबायच्या घरचा एक दगड काळा होता आणि त्याच्या मधून पांढरी रेघ गेली होती. तिच्या सासूने लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्याआधी तो तिच्या हातात दिला होता आणि म्हणाली होती, हे आपलं बीळ, हे विसरू नको.

हे सगळं तिने मला दगड हातात घेऊन दाखवलं. म्हणजे माझे ‘जुन्या बांधकामाचे अवशेष’. मी तो दगड हातात घेतला, ‘वा’ म्हटलं, आणि परत दिला.

त्या हिवाळ्यात मी अकरा-बारा शनिवार गेले असेन. पाट्यांचं काम पहिल्या तीन शनिवारांतच झालं होतं. हिराबायने मला बोंबलांच्या जोड्या लावायला शिकवलं. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, की ते दोरीवर एकमेकांना धरून लटकतात. ना खिळा ना सुतळी. बोंबील दिसायला लिबलिबीत, पण दात सुईसारखे. माझी बोटं रक्ताळायची आणि तिचा हात एकदाही चुकायचा नाही. हंगामातली पहिली जोडी तिच्या घरी कुणी खात नसत. ती दोरीच्या टोकाला शेवटपर्यंत राहायची, कावळ्यांची म्हणून. दुपारी तिच्या ओट्यावर तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. निघताना धक्क्यापर्यंत ती सोडायला यायची आणि वर्तमानपत्राची पुडी माझ्या पिशवीत कोंबायची. “आयेला दे. दयसरला काय गावतंय तुमाला, लाकूर नुसता.” पुडीतले बोंबील बघून आई म्हणायची, “ह्या बायेचो हात देवाचो आसा.” आई आणि हिराबाय एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. त्यांची ओळख त्या पुडीतूनच झाली.

आता जे सांगायचं ते मी आत्तापर्यंत टाळलं आहे. पहिल्या शनिवारीच मला कळलं होतं की मी काय लिहून बसले आहे. त्या रात्री नाही, पुढच्या महिन्यात नाही. तिथेच, डोक्यावर पाणी ठिबकत असताना. आणि सोमवारी मी मंदारला सांगितलंसुद्धा.

“अरे, ती जागा मोकळी नाहीये. तिथे बोंबील सुकवतात. आठ महिने.”

“रिपोर्ट गेलाय गं.”

“मग दुरुस्ती पाठवू.”

“दुरुस्ती म्हणजे आपण चुकलो असं लेखी देणार? वाट लागेल ना आपली. पुढची कामं कोण देणार? फेज टूमध्ये बघू. आणि तिथे काय बांधतील असं कुठे लिहिलंय? चिल मार.”

मी चिल मारलं. मला त्याचा राग येतो, फार येतो, पण तो माझ्याशी खोटं बोलला नव्हता. मला हवं तेच तो बोलला होता. मी खुर्चीत परत बसले आणि विहिरीवरच्या सहा ओळी गोड करत बसले. आणि शनिवारी पुन्हा गेले. जोड्या लावल्या, कालवण खाल्लं, पुडी आणली. अहवालातली ती ओळ कुणी लिहिली, हे हिराबायला सांगितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात निम्म्या खळ्यावर पत्रे लागले. मधला पूर्ण हंगाम पत्र्याआड खणाखणी चालली होती. मग संग्रहालय झालं, आणि त्याच्या जाहिरातीचा गोड मजकूरही मीच लिहिला, ते दगड कुणाचे हे माहीत असून.

ते संग्रहालय तुम्ही बघा. यादीत चौथं आहे. आत काचेच्या पेटीत वल्हं आहे, जाळं आहे, माशांची पाटी आहे. हिराबायच्या जावेची पाटी आहे ती, दोन दिवसांसाठी मागून नेलेली, परत आलेली नाही. मधल्या दालनात वलांडीची प्रतिकृती आहे, हुबेहूब, फक्त छातीएवढ्या उंचीची. तिच्यावर बोंबील लटकवले आहेत, रबराचे. एकेकटे लटकवले आहेत, खिळ्याने. जोडी कशी लावतात हे विचारायलाही कुणी त्या घरांपर्यंत गेलं नाही. पन्नास पावलांवर घरं होती! शेजारी पाटी : ‘येथील कोळी समाज पूर्वी अशा प्रकारे मासळी वाळवत असे.’ ‘पूर्वी’ हा शब्द माझा नाही, तो वर कुणीतरी घातला. पण तो घालता यावा अशी जागा मी रिकामी करून दिली होती. आणि बाहेर, फरशी घातलेल्या अंगणात, ते दगड. बिळांवरून उचललेले, धुतलेले, वर्तुळात मांडलेले. त्यांच्याखाली दिवे आहेत. संध्याकाळी पेटतात. पोरी मध्ये उभ्या राहून फोटो काढतात. बरोबर मध्यभागी पांढऱ्या रेघेचा काळा दगड ठेवला आहे, दिसायला छान आहे म्हणून.

उद्घाटनाला हिराबायला बोलावलं होतं. नवी साडी नेसून, नथ घालून, डोक्यावर पाटी घेऊन दारात उभं राहायला. ती राहिली. मला बघून म्हणाली, “बग गो, माजा धोंडा. लाइट लावलीय त्याला.” तिच्या आवाजात काय होतं ते मला त्या वेळी ओळखता आलं नाही, किंवा ओळखायचं नव्हतं. आतून आलेली एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणत होती, “किती स्वच्छ ठेवलंय, नाही? अजिबात वास येत नाही.”

उरलेल्या निम्म्या खळ्यावर आता सगळी घरं दाटीने बोंबील घालतात. दोऱ्या इतक्या जवळ की वारा खेळत नाही, बोंबील आतून ओले राहतात, खराब होतात, फेकावे लागतात. बिळांवरून भांडणं होतात. जी कधी होत नव्हती. संग्रहालयात येणारे लोक कुंपणावरून वाकून बघतात, नाक मुरडतात आणि वहीत अभिप्राय लिहून जातात, की परिसरातील दुर्गंधीचा बंदोबस्त करावा. त्यामुळे उरलेल्या निम्म्यावर आता वाहनतळ करायचं ठरलं आहे. बस वळेल ना.

गेल्या आषाढात त्यासाठी पुन्हा पाहणी आली. पुन्हा आषाढातच! ह्यांची पाहणी पावसात का येते, हे मला विचारू नका. पण या वेळी घरांना सुगावा लागला. त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. भर पावसात वलांडी उभ्या केल्या. बांबू कुजतील, माहीत होतं. दर्या बंद, होड्या वर ओढलेल्या, सुकवायला मासळीचा एक तुकडा नाही. मग दोऱ्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून बायकांनी त्यांच्यावर साड्या घातल्या. हिरव्या, जांभळ्या, भिजलेल्या, जड. खात्याचे साहेब आले, त्यांनी छत्रीखालून बघितलं आणि लिहून नेलं : ‘काही रहिवासी जागेचा वापर कपडे वाळत घालण्यासाठी करतात.’ हिराबायने हे मला फोनवर सांगितलं. “पावसान कपरे कोन वाळत घालतंय गो?” ती विचारत होती. या वेळी ती हसत नव्हती.

मग या मार्गशीर्षात सुनावणीची नोटीस आली आणि तिचा पुन्हा फोन आला. “तू ये. तू कागदवाली हायस. तुजं ऐकतील ते. तू बगितलंयस आमचा खला भरलेला. तूच सांग.”

मी जाईन म्हटलं. आणि आठवडाभर मनात एक भाषण रचत होते. चांगलं रचलं होतं. माझा धंदाच तो. मी सांगणार होते की अहवाल पावसाळ्यातला आहे, त्या वेळी खळं रिकामं असतं, पाहणी करणाऱ्याला हे कळणं शक्य नव्हतं, ही प्रामाणिक चूक होती. पाहणी करणाऱ्याला. मी असंच म्हणणार होते. मंदारचाही फोन आला होता : “तू कशाला पडतेस मध्ये? नोकरीचा विचार कर जरा.” मी त्याला वाटेल ते बोलले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की माझ्या भाषणात माझं नाव कुठेच नव्हतं.

सुनावणी काल संग्रहालयाच्याच सभागृहात ठेवली होती. बाहेर ऊन कोवळं, खिडकीतून वास येत होता, आणि कुणीतरी उठून खिडकी लावून घेतली. पुढे अधिकारी, मध्ये कागद, मागे घरांतली माणसं. हिराबाय तशीच कामावरून उठून आली होती, हाताला खवलं चिकटलेली. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे जुना अहवाल उघडला आणि वाचला. “ओसाड, मोकळी जागा. सध्या कोणताही वापर नाही.” मग म्हणाला, “हे तज्ज्ञांनी लिहिलेलं आहे. आता तुम्ही म्हणता वापर आहे. मी काय समजू?”

मी उठले. म्हटलं, “तो अहवाल पावसाळ्यातला आहे. पाहणी करणाऱ्याने हंगामातलं खळं पाहिलंच नव्हतं, त्यामुळे...”

“हिनं बगितलंय!” मागून हिराबाय ओरडली. ती उभी राहिली होती आणि माझ्याकडे बोट दाखवत होती, अभिमानाने, जशी आपली लेक दाखवावी. “हिला इचारा. ही मार्गशीर्षान आयली व्हती. दर शनवारी आयली. माज्या बाजूला बसून जोड्या लावल्यान हिनं, घरी बोंबील नेलेन. हिला समदा म्हाईत हाय. खोटा नाय बोलाची ती.”

अधिकाऱ्याने अहवाल उलटला, शेवटचं पान काढलं, खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “तुमचं नाव काय म्हणालात?”

मी नाव सांगितलं. तो परत पानाकडे बघत राहिला.

“हे मी लिहिलंय,” मी म्हटलं. “पावसात लिहिलं. मग थंडीत येऊन खळं बघितलं. चूक आहे हे त्याच दिवशी कळलं होतं. दुरुस्ती केली नाही.”

“लेखी द्याल?”

“देते.”

तिथेच बसून दिलं. या वेळी एकही शब्द गोड केला नाही. त्याने कागद फायलीत लावला आणि म्हणाला की निर्णय नंतर कळवला जाईल. नोकरी राहील की नाही ते माहीत नाही. खळं राहील की नाही तेही माहीत नाही. वाहनतळाच्या चुन्याच्या रेघा तर आखूनसुद्धा झाल्या आहेत, बोंबलांच्या खालून.

बाहेर आले तर हिराबाय वलांडीखाली उभी होती. चार दिवसांचे बोंबील उतरवायची वेळ झाली होती आणि ती ते उतरवत होती. मी जवळ गेले. तिने हात थांबवला नाही.

“म्हंजे माज्या ओट्यावर बसून जेवत व्हतीस,” ती म्हणाली, “तवा तुला म्हाईत व्हतं?”

“हो.”

“सगले शनवार?”

“हो.”

तिने पुढची जोडी सोडवली, पाटीत टाकली, आणि मग तिच्या पुढची. मी थोडा वेळ उभी राहिले. वरून पाणी ठिबकत होतं. सरक म्हणून ती ओरडली नाही. मग मी धक्क्याकडे चालायला लागले, आणि धक्क्यापर्यंत माझ्याबरोबर कुणी आलं नाही.

घरी आले तेव्हा आई तवा तापत ठेवून बसली होती. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, आत हात घातला, तळापर्यंत चाचपलं.

“पुडी नाय दिल्यान?”

“नाही,” मी म्हटलं.

आईने गॅस बंद केला.